दिवाळीआधीचं उत्तर: एका आमदाराच्या पावसाळी अधिवेशनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मतदारसंघ मराठवाड्यातला, बालाघाटाच्या रांगांमधला. जिल्हा आणि साल सांगत नाही, त्यावरून माणसं ओळखू येतील. आमदार पहिल्यांदाच निवडून आलेल्या. त्याआधी जिल्हा परिषदेच्या सदस्य होत्या. सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही ताईच म्हणतो. त्या वर्षी मी त्यांच्याकडे अधिवेशनाचं काम पाहायचो. प्रश्न लिहायचे, कागद गोळा करायचे, सूचना वेळेत दाखल करायच्या.

तालुका ऊसतोडीला जाणारा. दसऱ्याच्या सुमाराला टोळ्या जमवणाऱ्या मुकादमांच्या चकरा वाढतात आणि दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर भरून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. घरी म्हातारी माणसं उरतात. लहान मुलं आईबापाबरोबर जातात, फडाजवळच्या, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेताजवळच्या, खोपीत राहतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात, म्हणजे शाळेचं वर्ष संपत आल्यावर.

या मुलांसाठी राज्यात दोन वेगवेगळ्या व्यवस्था आहेत आणि पुढचं सगळं समजायला तो फरक लक्षात ठेवावा लागतो. पहिली, हंगामी वसतिगृहं. ती शालेय शिक्षण विभागाकडे, समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून चालतात. आईबाप बाहेर असतील तेवढे सहाएक महिने गावातल्याच शाळेत मुलांच्या जेवणाची आणि अभ्यासाची सोय होते आणि ती शाळा व्यवस्थापन समिती चालवते. आमच्याकडे बहुतेक गावांत मुलं रात्री झोपायला आजी-आजोबांकडे जातात. दुसरी, संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना. ती सामाजिक न्याय विभागाची. २०२१ मध्ये मंजूर झाली. ४१ तालुक्यांत मुलांची आणि मुलींची मिळून ८२ वसतिगृहं, प्रत्येकी १०० जागा. पहिलीत मूल आपल्या गावात राहतं, दुसरीत ते घर सोडतं. सात वर्षांच्या मुलाची आई पहिलीला हो म्हणते, दुसरीला म्हणत नाही.

हंगामी वसतिगृहाची सगळी गोम वेळेत आहे. किती मुलं मागे राहू शकतील याचं सर्वेक्षण, मग शाळेचा प्रस्ताव, मग केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद आणि त्यानंतर वरची मान्यता. दिवाळीआधी हे सगळं पार पडलं तर आई मुलाला आजीपाशी ठेवून जाते. दिवाळीनंतर आठ दिवसांनी पार पडलं तर ट्रॅक्टर निघून गेलेला असतो. मग वसतिगृह कागदावर मंजूर आणि मूल कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या फडावर.

मार्चमध्ये ताई एका गावातल्या शाळेत गेल्या होत्या, मी बरोबर होतो. गुरुजींनी तिसरीचा हजेरीपट काढून टेबलावर ठेवला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हजेरीच्या खुणांनी भरलेल्या ओळी. सुट्टीनंतर अर्ध्याहून जास्त नावांसमोर लाल शाईत ‘गै’, ‘गै’, ‘गै’, पान संपेपर्यंत. गुरुजींनी एका नावावर बोट ठेवलं. म्हणाले, “ताई, ही पोरगी दर वर्षी परत येते तेव्हा जोडाक्षरं विसरलेली असते. दर वर्षी मी तीच जोडाक्षरं शिकवतो.” ताईंनी त्या पानाचा फोटो काढून घेतला. पुढच्या चार महिन्यांत आमच्याकडे जेवढे कागद जमले, त्यांत सगळ्यात जास्त वेळा आम्ही तोच फोटो उघडून पाहिला.

अडचण

आपल्या विधिमंडळाची वर्षाला तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. ताईंचं पहिलं हिवाळी अधिवेशन निवडून आल्या आल्याच आलं. कुणालाच नाही म्हणायचं नाही, या उत्साहात आम्ही दिसेल त्या विषयावर प्रश्न टाकले. जळालेले विजेचे डीपी, पीकविमा, पाणंद रस्ते, टँकरची थकलेली बिलं, ग्रामीण रुग्णालयातली रिकामी पदं, बसस्थानकाचं छत. त्या गर्दीत एक प्रश्न वसतिगृहांचाही होता. तो मीच लिहिला होता. विधानसभेच्या प्रश्नांचा जो साचा असतो त्यातच: “(१) तालुक्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची वसतिगृहे वेळेवर सुरू होत नाहीत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

कोणती वसतिगृहं, ते मी लिहिलं नव्हतं. उत्तर आलं ते दुसऱ्या योजनेबद्दल. पहिल्या भागाला “हे खरे नाही”, पुढच्या दोन्ही भागांना “प्रश्न उद्भवत नाही”. त्या योजनेपुरतं ते उत्तर बरोबर होतं. चूक प्रश्नात होती. आणि प्रश्न अचूक असता तरी डिसेंबरात विचारून त्या हंगामाला उपयोग शून्य होता. टोळ्या महिनाभर आधीच निघून गेल्या होत्या.

मार्चमधल्या हजेरीपटानंतर ही दुसरी गोष्ट आम्हाला नीट दिसली. ऊसतोडीचा विषय सभागृहात सहसा हिवाळी अधिवेशनात तापतो, कारण तेव्हा फड सुरू असतात, अपघाताच्या, आजारपणाच्या बातम्या येत असतात. मुलांच्या शाळेचा निर्णय मात्र जून-जुलैत मागावा लागतो, जेव्हा तालुक्यात पेरण्या चालू असतात आणि उसाचं नावही कुणाच्या तोंडी नसतं.

मे महिन्यात पावसाळी अधिवेशनाची तयारी सुरू झाली तेव्हा ताईंच्या टेबलावर निवेदनांच्या दोन फुगलेल्या फायली होत्या. सभागृहात २८८ सदस्य आणि अधिवेशन तीनएक आठवड्यांचं. पहिल्यांदा निवडून आलेल्या, मंत्री नसलेल्या सदस्याच्या वाट्याला त्यात जी मिनिटं येतात ती हाताच्या बोटांवर मोजता येतील. ती कशावर खर्च करायची, हा या प्रकरणाचा मूळ प्रश्न.

समोर असलेले पर्याय

बैठक ताईंच्या घरीच झाली. ताई, मी, स्वीय सहायक आणि तालुक्यातले जुने कार्यकर्ते, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो. त्या बैठकीत झालेला वाद पुढच्या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

अण्णांचं म्हणणं सरळ होतं. एका बाजूच्या सोळा-सतरा गावांना जोडणारा रस्ता पावसाळ्यात बंद पडतो, निवडणुकीत आपण शब्द दिलाय, तोच विषय पहिला. वसतिगृहांबद्दल ते म्हणाले, “ताई, विषय पुण्याईचा आहे, मी नाही म्हणत नाही. पण पोरं मत देत नाहीत, अन् मायबाप मोर्चालासुद्धा गावात नसतात. रस्ता नाही झाला तर मला त्या सोळा गावांत तोंड दाखवायला जागा राहायची नाही.”

ताई म्हणाल्या, “अण्णा, ती माणसं मोर्चाला येऊ शकत नाहीत, म्हणूनच तिथं माझं काम आहे. रस्त्यावाले माझ्या दारात येऊन बसू शकतात.”

अण्णा चुकीचं बोलत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही. रस्ता खरोखर बंद पडायचा. बाळंतपणाच्या बाईला बाजेवरून ओढा ओलांडून नेल्याचं तिथल्याच लोकांनी आम्हाला सांगितलं होतं. म्हणून चर्चा ‘रस्ता की वसतिगृह’ यावरून हलवून ‘कोणतं काम कोणत्या दारानं जातं’ यावर आणली, आणि गाडी तिथून पुढे सरकली. रस्त्याला भाषण लागत नाही. त्याला लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातला खर्चाचा रकाना, लागतं, आणि पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, येतात. रस्त्याचं अंदाजपत्रक आणि प्रस्ताव अधिवेशनाच्या पुष्कळ आधी विभागात पोचला, तर तो पुरवणी मागण्यांत बसू शकतो. सभागृहातली मिनिटं त्यावर घालवायची गरज नाही. डीपी आणि टँकरची बिलं जिल्हा पातळीवरच सुटणारी. त्यांच्यासाठी अतारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना फक्त लेखी उत्तर मिळतं ते, पुरेसे, कारण तिथं लेखी उत्तर हाताशी असणं एवढंच हवं असतं. पीकविम्यावर विधानसभेच्या नियम २९३ खालच्या चर्चेत अनेक सदस्य बोलणारच होते. ताईंनी तिथं आपल्या तालुक्याची दोन उदाहरणं द्यावीत, एवढं ठरलं.

उरला वसतिगृहांचा विषय. तो कोणत्या दारानं न्यायचा?

अशासकीय विधेयकाची, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडायच्या विधेयकाची, कल्पना माझी होती. स्थलांतरित मुलांना हंगामी वसतिगृहाचा कायदेशीर हक्क द्या, अशा आशयाचं. एका वकील मित्रानं ती दोन वाक्यांत थांबवली. राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होणार असेल तर संविधानाच्या अनुच्छेद २०७ प्रमाणे राज्यपालांच्या शिफारशीशिवाय असं विधेयक मंजूरच होऊ शकत नाही, आणि अशासकीय कामकाजाच्या वाट्याला वेळही थोडाच येतो. चर्चा घडवायला ते चांगलं साधन आहे. आम्हाला चर्चा नको होती, तारीख हवी होती.

आमदार निधीचा विचार झाला. ताईंना वर्षाला ५ कोटी मिळतात, त्यातून आपणच वसतिगृह चालवावं, असं गावातल्या लोकांना साहजिक वाटतं. पण तो निधी टिकाऊ कामांसाठी असतो. खोली, न्हाणीघर, कुंपण बांधता येतं. मुलांच्या रोजच्या जेवणाचा खर्च त्यातून करता येत नाही. हा पर्याय आम्ही तिथंच मिटवला. तो इतक्या घाईनं मिटवायला नको होता, हे पुढे कळलं.

तिसरा मार्ग सगळ्यात सोपा. मंत्र्यांना भेटून निवेदन द्यायचं, त्यावर “तपासून प्रस्ताव सादर करावा” असा शेरा घ्यायचा आणि फोटो काढून गावात पाठवायचा. शेऱ्याला किंमत नसते असं नाही, पण शेऱ्याला तारीख नसते.

राहिले तारांकित प्रश्न, ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, आणि नियम १०५ खालची लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना. तारांकित प्रश्न कित्येक आठवडे आधी द्यावा लागतो आणि यादीत तो कुठे येईल ते आपल्या हातात नसतं. प्रश्नोत्तराचा तास एकच. त्यात यादीच्या वरचे थोडेच प्रश्न तोंडी होतात, बाकीच्यांची उत्तरं छापील. लक्षवेधीच्या सूचनाही रोज ढिगानं येतात, त्यातून मोजक्या स्वीकारल्या जातात. पण स्वीकारली गेली तर मंत्र्यांचं लेखी निवेदन मिळतं आणि समोरासमोर उपप्रश्न विचारता येतात.

काय ठरलं आणि का

दोन्ही करायचं ठरलं. तारांकित प्रश्न लावायचा तो माहिती हातात यावी म्हणून, आणि लक्षवेधी टाकायची ती शब्द मिळावा म्हणून. या वेळी प्रश्नात योजनेचं पूर्ण नाव, विभागाचं नाव आणि “मागील हंगामात मान्यता कोणत्या दिनांकास देण्यात आली” असा तारखेचा स्वतंत्र भाग होता. तारीख विचारली की उत्तरात तारीखच द्यावी लागते.

मागणी काय ठेवायची, यावर जास्त वेळ गेला. “वसतिगृहं वेळेवर सुरू करा” ही मागणी ऐकायला बरी, पण त्यावर “सूचना देण्यात आल्या आहेत” एवढं उत्तर पुरतं. ताई ज्या मुद्द्यावर आल्या तो मला आजही या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा वाटतो. गाळप हंगाम कधी सुरू व्हायचा हे दर वर्षी मंत्री समिती ठरवते. म्हणजे आईबाप गाव कधी सोडणार, हे एका अर्थानं सरकारच ठरवतं. कारखान्याचं धुराडं कधी पेटणार याची तारीख जर आधी ठरू शकते, तर त्या कारखान्याला ऊस तोडून देणाऱ्यांच्या मुलांच्या जेवणाची तारीखही त्याच हिशेबानं आधी ठरायला हवी.

त्यातून चार मागण्या निघाल्या. सर्वेक्षण ऑगस्टअखेर संपवावं. मान्यता गाळप सुरू होण्याच्या आधी, दसऱ्यापर्यंत द्यावी. पहिला हप्ता शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर आगाऊ यावा, कारण किराणा दुकानदार दोन महिन्यांपलीकडे उधारी ठेवत नाही. आणि चौथी, सहावी ते आठवीच्या मुलींसाठी जिथं शक्य आहे तिथं रात्रीच्या मुक्कामाची सोय करावी, एका महिला कर्मचाऱ्यासह. चौथी मागणी आली होती ती एका आजीकडून. त्या म्हणाल्या होत्या, “बारक्याला मी सांभाळीन. पण वयात आलेल्या नातीला राखायची ताकद माझ्यात न्हाई. तिला तिच्या आईनंच न्यावं.”

ऑगस्टमध्ये सर्वेक्षण कसं होणार, लोक तर गावातच असतात, अशी शंका आमच्यातच निघाली. तिचं उत्तर गुरुजींनी दिलं. कोण जाणार हे उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ रक्कम, कुणी घेतली त्यावरून कळतं, आणि पुष्कळ घरांनी उचल पेरणीच्या वेळीच घेतलेली असते. गावात ती गोष्ट लपत नाही.

अधिवेशनात काय घडलं

तारांकित प्रश्न यादीत खूप खाली लागला आणि त्या दिवशी तोंडी चर्चेपर्यंत पोचलाच नाही. पण छापील उत्तर मिळालं आणि त्यात मान्यतेची तारीख होती. ती दिवाळीनंतरची होती. आम्हाला जे माहीत होतं, ते आता सभागृहाच्या पटलावरच्या कागदात होतं.

पहिला आठवडा गदारोळात गेला. घोषणा, सभात्याग, कामकाज तहकूब. दुसऱ्या आठवड्यात लक्षवेधी दोनदा टाकली, दोन्ही वेळा स्वीकारली गेली नाही. तिसऱ्यांदा मजकूर बदलला. आधीच्या सूचनेत आम्ही योजनेचा इतिहास लिहीत बसलो होतो. नव्या सूचनेची सुरुवातच त्या छापील उत्तरातल्या तारखेनं केली आणि शेजारी गाळप सुरू झाल्याची तारीख ठेवली. सूचना स्वीकारली गेली. कामकाजपत्रिकेवर नाव आलं आणि त्याच दिवशी ती राखून ठेवण्यात, म्हणजे पुढे ढकलण्यात, आली.

इथं सगळ्यात अवघड वळण आलं. दुसऱ्या दिवशी मंत्र्यांकडून निरोप आला की विषय महत्त्वाचा आहे, अधिवेशन संपल्यावर दालनात बैठक लावू, अधिकाऱ्यांना बोलावू, सभागृहात सात मिनिटांत काय होणार? निरोप प्रामाणिक होता, असंच मी मानतो. आणि युक्तिवादात तथ्य होतं: बैठकीत तासभर मिळाला असता, चारही मागण्या सविस्तर मांडता आल्या असत्या. माझं मत बैठक घ्यावी असं होतं. ताईंनी उलट विचार केला. बैठकीचं इतिवृत्त विभाग लिहितो, सभागृहातलं बोलणं प्रतिवेदक लिहितात. बैठक अधिवेशनानंतर म्हणजे ऑगस्टमध्ये कधीतरी, आणि ऑगस्टअखेर तर आपल्याला सर्वेक्षण संपवायचंय. त्यांनी कळवलं की बैठकही हवी आणि लक्षवेधीही हवी. लक्षवेधी सोडणार नाही.

लक्षवेधी पुकारली गेली ती शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी. बाकं बरीच रिकामी होती. मी कर्मचाऱ्यांच्या खोलीत आतल्या प्रक्षेपणासमोर उभा होतो. मंत्र्यांचं लेखी निवेदन आधीच वाटलेलं होतं, त्यामुळे ताई थेट उपप्रश्नांवर आल्या. पहिला, सर्वेक्षणाचा. उत्तर मिळालं, ऑगस्टअखेर पूर्ण करण्यात येईल. दुसरा, मान्यता गाळपाच्या तारखेआधी देणार का? मंत्री क्षणभर थांबले, मागच्या अधिकाऱ्यांच्या कक्षातून चिठ्ठी आली, आणि उत्तर आलं: दिवाळीच्या सुट्टीआधी मान्यता देण्यात येईल. दसरा नाही, पण दिवाळीआधी. तिसरा, आगाऊ हप्ता. “तपासून निर्णय घेण्यात येईल.”

तिसऱ्या उत्तरावर ताईंनी पुन्हा विचारलं, थोडा आग्रह धरला. तेवढ्यात दुसऱ्या दोन सदस्यांनी आपापल्या जिल्ह्याचे उपप्रश्न विचारले, ते विषयाला बळ देणारेच होते. आणि पुढची लक्षवेधी पुकारली गेली. चौथी मागणी, मुलींच्या मुक्कामाची, ताईंच्या हातातल्या कागदावर सगळ्यात खाली लिहिलेली होती. ती बोलायची राहिली.

अधिवेशनानंतर

पुढचं काम कंटाळवाणं होतं आणि निकाल त्यातूनच आला. कामकाजाची असुधारित प्रत, म्हणजे सभागृहात बोललेल्याची कच्ची नोंद, मिळाल्यावर त्यातलं ताईंच्या लक्षवेधीचं पान वेगळं काढलं, “करण्यात येईल” ही दोन्ही वाक्यं अधोरेखित केली आणि ते पान जोडून जिल्हा परिषदेला पत्र दिलं. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे त्याच पानाची प्रत. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला गेला की नाही हे पाहायला आश्वासन समिती असते, याचाही पत्रात साधा उल्लेख केला. धमकीच्या सुरात नाही. तो सूर लागला की अधिकारी स्वतःला वाचवायला लागतात आणि काम बाजूला राहतं.

ऑगस्टमध्ये ताईंनी तालुक्यातल्या मुकादमांनाच बोलावलं. हे आमच्या आराखड्यात नव्हतं, त्यांना प्रवासात सुचलं. मुकादमाकडे टोळीची यादी असते. पैशांचे आकडे कुणी विचारणार नाही, फक्त गाव आणि कुटुंबातली मुलं सांगा, असं सांगितल्यावर बऱ्याच जणांनी माहिती दिली. शिक्षकांची यादी आणि मुकादमांची यादी जुळवल्यावर काही नावं अशी निघाली जी शाळेच्या पटावरच नव्हती. सहा वर्षं पूर्ण झालेली, पण दाखल न झालेली मुलं. ती दरसाल ऑक्टोबरात जाऊन एप्रिलात यायची, म्हणून कुणाच्या मोजणीत आलीच नव्हती.

रस्त्याचं म्हणाल तर, प्रस्तावाचा मोठा भाग पुरवणी मागण्यांत आला. शेवटच्या तीन गावांचा तुकडा राहिला. त्यांतल्या एका गावचे सरपंच नंतर दोन वर्षं आमच्या कार्यालयाची पायरी चढले नाहीत. अण्णा त्यांच्या घरी दोनदा जाऊन आले.

निष्पत्ती

तालुक्यातल्या बहुतेक गावांच्या वसतिगृहांना त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मान्यता मिळाली. असं आमच्याकडे प्रथमच घडलं, असं जुने शिक्षक सांगतात. आगाऊ हप्ता आला नाही. बचत गटाच्या बायकांनी स्वयंपाक केला, किराणा उधारीवर आला आणि दोन ठिकाणी मुख्याध्यापकांनी पदरचे पैसे घातले. एका गावात जानेवारीत दुकानदारानं हात वर केले आणि वसतिगृह पंधरा दिवस बंद पडलं. त्या पंधरा दिवसांत काही बाप येऊन मुलांना घेऊन गेले. ती मुलं त्या वर्षी परत आली नाहीत.

डिसेंबरात, नागपूरला जाण्याआधी, आम्ही पुन्हा त्या शाळेत गेलो. गुरुजींनी न सांगता तिसरीचा, आता चौथीचा, हजेरीपट काढला. जोडाक्षरं विसरणारी ती मुलगी वर्गातच होती, दुसऱ्या रांगेत. पानावर लाल शाई होती, पण मोजकी. मग ताईंनी सातवीचा हजेरीपट मागितला. मुलांच्या नावांपुढे हजेरी. मुलींच्या नावांपुढे, एक सोडून सगळ्यांच्या, ‘गै’.

वेगळं काय करता आलं असतं

चौथी मागणी चौथी नको होती. आम्ही क्रम लावला तो प्रशासनाच्या सोयीनं: आधी सर्वेक्षण, मग मान्यता, मग पैसा, मग मुक्काम. कागदावर तो तर्कशुद्ध दिसतो. सभागृहात वेळ कधीही तुटतो, तेव्हा जी गोष्ट गेली तर भरून येणार नाही ती आधी विचारायला हवी होती. सर्वेक्षणाचं आश्वासन जिल्हा पातळीवर पत्रानंही मिळालं असतं. मुलींच्या मुक्कामाला धोरण लागतं आणि ते मंत्र्यांच्याच तोंडून यावं लागतं. हा क्रम मी टाइप केला होता आणि त्या वेळी तो मला अगदी बरोबर वाटला होता.

तिसऱ्या प्रश्नावर पुन्हा आग्रह धरण्याचा निर्णयही तपासायला हवा. “तपासून” हा शब्द एकदा आला की त्या दिवशी त्यापुढे जाता येत नाही. चिठ्ठी देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पैशांचा अधिकार नसतो. तिथला एक मिनिट चौथ्या प्रश्नाला दिला असता तर निदान तो नोंदला गेला असता. पैशांचा मुद्दा दालनातल्या बैठकीत न्यायला हवा होता. ती बैठक झालीसुद्धा, पण सप्टेंबरच्या शेवटी, आणि आम्ही तिथं लक्षवेधीतलंच पुन्हा सांगत बसलो.

आमदार निधीचा पर्याय आम्ही मे महिन्यात पाच मिनिटांत बाजूला ठेवला, कारण त्यातून जेवण देता येत नाही. पण मुलींच्या मुक्कामाला आधी लागतं ते न्हाणीघर, दाराला आतून कडी असलेली खोली, कुंपण आणि दिवा. हे सगळं त्या निधीत बसतं. चार-पाच मोठ्या गावांत ते जूनमध्ये सुरू केलं असतं तर सभागृहात मागणी करताना “खोली तयार आहे, कर्मचारी द्या” असं म्हणता आलं असतं.

बैठकीऐवजी लक्षवेधीचा आग्रह धरण्याबद्दल मात्र माझं तेव्हाचं मत चुकीचं होतं, ताईंचं बरोबर होतं. “दिवाळीच्या सुट्टीआधी” हे दोन शब्द असुधारित प्रतीत नसते, तर ऑगस्टमध्ये आमच्या पत्राला काय जोडलं असतं?

रस्त्याच्या शेवटच्या तीन गावांबद्दल अजून आमच्यात एकमत नाही. अण्णांना वाटतं, ताईंनी औचित्याच्या मुद्द्यावर, म्हणजे थोडक्यात विषय मांडायच्या संधीत, एकदा तरी त्या गावांचं नाव सभागृहात घ्यायला हवं होतं. काम झालं नसतं तरी लोकांनी ऐकलं असतं. ताई म्हणतात, नुसतं नाव घेऊन आशा लावणं त्यांना जमणार नाही.

पुढच्या पावसाळी अधिवेशनाचा प्रश्न आम्ही फेब्रुवारीतच लिहून ठेवला. या वेळी ताई शेजारी बसून सांगत होत्या आणि मी टाइप करत होतो. भाग एक: इयत्ता सहावी ते आठवीच्या मुलींसाठी हंगामी वसतिगृहांत रात्रीच्या मुक्कामाची सोय नसल्याने त्या पालकांसोबत स्थलांतर करीत आहेत, हे खरे आहे काय. सातवीच्या हजेरीपटाच्या पानाचा फोटो त्यांनी त्या फाइलला स्वतः टाचला.